हुशार साहेब आणि आठ ‘गद्दार’

हुशार माणूस चांगला साहेब असतोच असं नाही. विल्यम शॉकली यांचंच बघा ना. ट्रान्झिस्टरसाठी १९५६ साली त्यांना नोबेल मिळालं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला त्यांनी प्रयोगशाळा काढली, एकाहून एक हुशार तरुण गोळा केले. पण स्वभाव महासंशयी! एका बाईंच्या हाताला टाचणी लागली, तर हा घातपातच म्हणून साहेब खोटं पकडणाऱ्या यंत्रावर माणसं तपासायला निघाले.

तरुणांनी आधी पैसा पुरवणाऱ्या अर्नोल्ड बेकमन यांच्याकडे गाऱ्हाणं नेलं. साहेब जागेवरच राहिले. मग सप्टेंबर १९५७ मध्ये आठ जण एकदम बाहेर पडले आणि ‘फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर’ उभी राहिली. ‘गद्दार आठ’ हे नाव चिकटलं ते चिकटलंच. त्यांतल्याच नॉइस आणि मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली. शॉकलींची प्रयोगशाळा मात्र १९६० मध्येच विकली गेली.

एकटादुकटा गेला असता तर ‘कामचुकार’ ठरला असता. आमच्या स्टाफरूममध्येही कुजबुज सगळेच करायचे. अर्जावर सही करायची वेळ आली, की प्रत्येकाला तास आठवायचा. या आठांनी सही केली, एवढाच फरक.