दिनविशेष : २६ जानेवारी
डॉ. जेरुशा झिराड यांना पद्मश्री (१९६६)

२६ जानेवारी १९६६. प्रजासत्ताक दिनाच्या पद्म सन्मानांत बेने इस्रायली या ज्यू समाजातील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांना पद्मश्री जाहीर झाली. गौरव वैद्यकीय सेवेचा होता.

आज त्यांची आठवण ठेवायची ती दुहेरी कार्यासाठी. १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी सांभाळली. तिथे बाळंतपणासाठी येणाऱ्या बाईची जातपात वा धर्म आड येत नव्हता. बाळंतिणी का दगावतात, याचा मुंबईत शोध घेऊन त्यांनी कारणे लेखी मांडली. दुसरीकडे, लंडनमध्ये लिली माँटेग्यू यांच्या उदारमतवादी ज्यू विचारांशी परिचय झालेल्या झिराड यांनी १९२५ मध्ये मुंबईत ज्यू रिलिजस युनियनच्या स्थापनेत पुढाकार घेतला. या उदारमतवादी पंथाच्या उपासनेत स्त्री-पुरुष एकत्र बसतात. जगातल्या बहुतेक सिनेगॉगांत, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळांत, बायका तेव्हा सज्जात किंवा पडद्याआड बसत. अमेरिकेतही सॅली प्रीसँड या पहिल्या महिला रब्बी (ज्यू धर्मगुरू) झाल्या त्या थेट १९७२ मध्ये.

डोंबिवलीकरांना हा वारसा लांबचा नाही. ठाण्यात १८७९ पासून 'शार हाशामाईम' सिनेगॉग उभे आहे. गोड पोहे, ओले खोबरे आणि फळांचे ताट मांडून प्रेषित एलियाहू हन्नाबीच्या स्मरणात होणारा मलिदा हा विधी आणि मराठी कीर्तने हे बेने इस्रायली समाजाचे अस्सल कोकणी धन. धर्म जपावा, त्यात बाईला बरोबरीची जागा द्यावी आणि सेवा सर्वांची करावी, हा झिराड यांचा धडा प्रत्येक धर्माने आज गिरवावा असा आहे.