अर्धशिशी आणि जागरण: आधी काय, मागून काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं, कार्यकारणभाव हा विषय आम्ही इतका घोळवतो, त्याचा रोजच्या जगण्याशी संबंध काय? म्हणून आज अर्धशिशीचा इतिहास घेऊ. आता सगळे तिला मायग्रेन म्हणतात. ग्रीक ‘हेमिक्रानिया’ म्हणजे अर्धी कवटी. फ्रेंचांच्या तोंडी झिजून त्याचं मायग्रेन झालं. सुश्रुतसंहितेत ‘अर्धावभेदक’ आहे. म्हणजे नावं ठेवताना दोघांनी एकच गोष्ट पाहिली.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सतराव्या अध्यायात, डोक्याच्या विकारांची कारणं दिली आहेत. त्यात रात्रीचं जागरण आहे आणि दिवसा झोपणंही आहे. वाचणारा जागरणावर बोट ठेवतो, दुसरं सोडून देतो. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळलं तरी डोकं उठतं, हे अर्धशिशीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. चरकांना आजचं मेंदूविज्ञान कळलं होतं, असं यावरून म्हणू नये. निरीक्षण मात्र पक्कं होतं.

आमच्या विषयातला माणूस घ्यायचा तर नीत्शे. डोकेदुखी, वांत्या, डोळ्यांचा त्रास, यांपायी १८७९ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्याने बाझल विद्यापीठातली प्राध्यापकी सोडली. झोपही नव्हती, पुढे झोपेसाठी तो क्लोरल हायड्रेट घेऊ लागला. त्याचा नेमका आजार कोणता, यावर अजून वाद आहेत. पण झोप नाही म्हणून डोकं, की डोकं म्हणून झोप नाही, हा गुंता त्याच्या आयुष्यात स्पष्ट दिसतो.

त्याच्या आधी सहा वर्षं, १८७३ साली, एडवर्ड लिव्हिंग या इंग्रज वैद्याने अर्धशिशीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या मते हे मज्जासंस्थेत उठणारं वादळ. वादळ आतच साचत असेल, तर जागरण, उपास, ऊन ही नुसती निमित्तं ठरतात. निमित्त आणि कारण यांत आपण नेहमी गल्लत करतो.

आमच्या आईला अर्धशिशी होती. खोलीत अंधार करून, डोक्याला फडकं आवळून ती पडून राहायची. सूर्योदयाआधी दूध-जिलबीचा उपायही झाला. घरातले म्हणायचे, रात्री शिवत बसतेस, मग दुखणार नाही तर काय! आम्हीही म्हणायचो. ती म्हणे, “अरे, आधी झोप उडते, तेव्हाच कळतं उद्या डोकं उठणार. मग नुसतं पडून काय करू?” हा पुरावा आहे, असं कुणाला वाटलं नाही.

२०१६ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी एका रुग्णाच्या मेंदूचं तीस दिवस रोज स्कॅन केलं. दुखणं सुरू होण्याआधीच्या दिवशी हायपोथॅलॅमसमध्ये बदल दिसला. झोप-जागेची लय सांभाळणारा भाग तोच. रुग्ण एकच, त्यामुळे जपून बोलू. पण दुखण्याआधी जांभया येणं, झोप बिघडणं ही काहींच्या बाबतीत झटक्याची सुरुवातच असू शकते, असं डॉक्टर आता मानतात.

याचा अर्थ जागरण निर्दोष, असा नाही. अपुऱ्या झोपेने झटका ओढवतो, हेही खरंच. आणि अनेकांचा झटका अखेर शांत झोप लागल्यावरच उतरतो. आईचाही तसाच उतरायचा, फक्त दुपारी तिला कुणी झोपू द्यायचं नाही.