स्कूबा रेग्युलेटर : धुणे व निगा

सिलिंडरमधील अतिदाबाची हवा पाणबुड्याला श्वास घेता येईल अशा दाबावर आणून देणाऱ्या उपकरणाची बुडीनंतरची धुलाई, वाळवण, साठवण आणि ठरावीक काळाने होणारी सर्व्हिसिंग. रेग्युलेटरच्या काही भागांना समुद्राचे पाणी लागणे अपरिहार्य असते, तर काही भागांत पाण्याचा थेंबही जाता कामा नये. निगेचे बहुतेक नियम या फरकातून येतात.

रचना : आजच्या रेग्युलेटरचे मूळ रूप जॅक-ईव्ह कूस्तो आणि अभियंता एमील गान्यां यांनी 1943 मध्ये फ्रान्समध्ये सिद्ध केले. भरलेल्या सिलिंडरमधील दाब साधारण 200 बार असतो. सिलिंडरवर बसणारी फर्स्ट स्टेज तो सभोवतालच्या दाबापेक्षा सुमारे 9 ते 10 बार अधिक इतक्यावर आणते. तोंडात धरायची सेकंड स्टेज हवा सभोवतालच्या दाबावर आणून देते. सेकंड स्टेजमधील रबरी पडद्याच्या एका बाजूस पाणी, दुसऱ्या बाजूस हवा असते. श्वास घेताना पडदा आत ओढला जातो, तरफ दबते व झडप उघडते. पर्ज बटण हाच पडदा बाहेरून दाबते.

क्षारांचा परिणाम : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. पाणी सुकले की त्यांचे स्फटिक बटणाखाली, दोन्ही स्टेज जोडणाऱ्या होजच्या जोडांत आणि फर्स्ट स्टेजच्या बाहेरून उघड्या पोकळीत बसतात. त्यांनी सांधे हवाबंद ठेवणाऱ्या ओ-रिंग घासल्या जातात, क्रोम चढवलेले पितळ गंजते आणि सरकते भाग अडखळतात. झडप पुरती मिटली नाही, तर हवा अखंड वाहू लागते. ओला क्षार साध्या पाण्याने निघतो. वाळून घट्ट झालेला विरघळायला बराच वेळ घेतो.

धुण्याची पद्धत : प्रथम डस्ट कॅप सिलिंडरच्या हवेने किंवा कापडाने कोरडी करून फर्स्ट स्टेजच्या तोंडावर घट्ट बसवतात. ही टोपी ओली बसवली, तर तिच्यातला थेंब थेट फिल्टरवर जातो. मग रेग्युलेटर कोमट गोड्या पाण्यात भिजत ठेवून हलवतात आणि शेवटी माउथपीसमधून व फर्स्ट स्टेजच्या छिद्रांतून हलक्या धारेचे पाणी सोडतात. होजवरील रबरी आवरणे मागे सारून त्याखालचा क्षारही काढतात. दाब नसताना पाण्यात पर्ज बटण दाबायचे नसते. तसे केल्यास झडप उघडून पाणी होजमधून फर्स्ट स्टेजपर्यंत जाते. सिलिंडर जोडून हवा चालू ठेवली असेल, तर हा धोका राहत नाही. पाणी आत गेल्याचा संशय आला, तर रेग्युलेटर न वापरता तंत्रज्ञाकडे द्यावा.

इंदूरमधील वापर : इंदूरच्या हौशी पाणबुड्यांना समुद्रातील बुडीसाठी मालवण-तारकर्ली, गोवा किंवा अंदमान गाठावे लागते. धुलाई घरी पोहोचेपर्यंत लांबवली, तर प्रवासातच क्षार वाळतो; म्हणून पहिली धुलाई किनाऱ्यावरच, सामान बांधण्यापूर्वी करतात. घरी पुन्हा भिजवताना बोअरिंगचे जड पाणी टाळावे, कारण ते वाळल्यावर पांढरा थर ठेवते. शहराला जलूदहून येणारे नर्मदेचे नळाचे पाणी किंवा गाळलेले पाणी बरे. तरणतलावातील सरावानंतरही क्लोरीन काढण्यासाठी विसळणे गरजेचे असते. नद्या व जलाशयांत शोधकार्य करणाऱ्या पथकांच्या उपकरणांत क्षार नसला, तरी बारीक गाळ उच्छ्वास बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट झडपेखाली अडकतो आणि ती पुरती मिटू देत नाही. त्यामुळे गोड्या पाण्यातील बुडीनंतरची धुलाई टळत नाही.

साठवण : धुतलेला रेग्युलेटर सावलीत, हवेशीर जागी वाळवतात व होजला तीव्र बाक न देता सैल वेटोळे करून ठेवतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात बुडी बंद असते, त्यामुळे उपकरण काही महिने पडून राहते. या काळात ओलसर पिशवीत माउथपीसला बुरशी धरते. माळव्याच्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा बंद मोटारीत ठेवल्यास रबर लवकर जुने होते. सिलिकॉन स्प्रे व द्रावके वापरू नयेत. माउथपीस अनेकांच्या वापरात असेल, तर प्रत्येक वापरानंतर उत्पादकाने सुचवलेल्या निर्जंतुकाने स्वच्छ करतात.

तपासणी व सर्व्हिसिंग : सहलीपूर्वी फर्स्ट स्टेजचे तोंड घट्ट बंद करून माउथपीसमधून हवा ओढून पाहावी. हवा येत राहिली, तर पडदा, एक्झॉस्ट झडप किंवा माउथपीस यांत गळती आहे असे समजावे. उत्पादकानुसार दर एक-दोन वर्षांनी किंवा सुमारे शंभर बुड्यांनंतर प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून सर्व्हिसिंग करून घेतात; त्यात ओ-रिंग, फिल्टर व झडपांच्या बैठका बदलतात. फिल्टरचा रंग दोषाचे मूळ सांगतो. हिरवट छटा खारे पाणी आत गेल्याची, तांबूस छटा पोलादी सिलिंडरमधील गंजाची आणि काळसर छटा कॉम्प्रेसरच्या दूषित हवेची खूण असते. यांपैकी केवळ पहिला दोष धुण्यातील हलगर्जीचा असू शकतो. इतर दोन खुणा दिसल्यास सिलिंडर आणि हवा भरण्याचे केंद्र तपासावे लागते.