लेणे, पोढी आणि गिलानभेषज

मंचर-घोडेगावकडून जुन्नरला येणारे उपासक लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून सातव्या क्रमांकाच्या लेण्यात पोहोचतात, तेव्हा त्यांचे लक्ष तेथे नंतरच्या काळात बसविलेल्या गणपतीकडे जाते आणि चर्चा त्याच विषयावर होऊन संपते. ती चर्चा अनाठायी आहे असे नाही. परंतु त्या मंडपाच्या तीन भिंतींत कोरलेल्या खोल्यांकडे कोणी फारसे पाहत नाही. हे लेणे विहार होते, म्हणजे राहण्याचे घर होते.

जुन्नरच्या तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांतील बहुसंख्य लेणी अशीच निवासाची आहेत. एक खोली, तिच्यात दगडी ओटा आणि दाराजवळ पाण्याची पोढी. दानलेखही त्याच वस्तूंचे आहेत. गत लोकांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन पोढ्या दिल्या, चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दिला. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने वर्ष 46 मध्ये, म्हणजे शक संवत् धरल्यास इ.स. 124 च्या सुमारास, पोढी व मंडप दिला. (हा लेख मानमोडीच्या ‘भीमाशंकर’ गटात आहे, त्या नावाच्या तीर्थक्षेत्राशी गल्लत करू नये.) निवारा, शुद्ध पाणी आणि बसून जेवण्याची जागा, एवढ्याने अर्धे आजार दारातच अडतात, हे त्या दात्यांना ठाऊक असावे.

उरलेल्या अर्ध्यांचे काय, याचे उत्तर विनयात आहे. भिक्खूच्या चार आवश्यक गोष्टींत चीवर आणि पिंडपात यांच्या जोडीला सेनासन, म्हणजे निवास, आणि गिलानपच्चयभेसज्ज, म्हणजे आजारातील औषध, या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या आहेत. महावग्गातील अतिसाराने पीडित भिक्खूची कथा आपल्याला परिचित आहे. बाबासाहेबांनीही ती आपल्या ग्रंथात घेतली आहे. विहार होता, छप्पर होते, तरीही तो भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता, कारण तो इतरांच्या उपयोगाचा नव्हता. तथागतांनी आनंदासह त्याला स्वहस्ते स्नान घातले, मंचकावर निजविले आणि मग संघाला जाब विचारला. या प्रसंगानंतर शुश्रूषा ही मर्जीची बाब राहिली नाही. शुश्रूषकाचे गुण ठरविण्यात आले: त्याला औषध सिद्ध करता यावे, पथ्य-अपथ्य कळावे, मलमूत्र-वांतीची किळस नसावी. आजारी भिक्खू मरण पावला तर त्याचे पात्र व चीवर शुश्रूषकाला देण्याची रीतही घातली गेली.

येथवरचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. याच महावग्गातील दुसरी हकीकत मात्र आपण सहसा वगळतो. मगधात कुष्ठ, गंड, किलास, शोष व अपस्मार हे पाच रोग बळावले होते. रोगी जीवकाकडे जात. पण राजा, अंतःपुर आणि भिक्खुसंघ यांच्या उपचारातून त्याला सवड नसे. तेव्हा लोकांनी मार्ग काढला. ते प्रव्रज्या घेत. संघात निवारा मिळे, शुश्रूषा मिळे, जीवकाचे औषध मिळे. असाच एक माणूस बरा होऊन चीवर सोडून गेलेला जीवकाने पाहिला आणि त्याच्या विनंतीवरून या पाच रोगांच्या माणसांना प्रव्रज्या देण्यास मनाई झाली. त्या माणसाला लबाड ठरविणे सोपे आहे. मला मात्र तो दोषी वाटत नाही. औषध आणि अंथरूण एकत्र मिळण्याचे त्याच्यापुरते एकच ठिकाण होते. मनाईने संघाचे रक्षण झाले असेल. रोगी होते तेथेच राहिले.

ही उणीव भरून निघण्यास काही शतके जावी लागली. नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या लेण्यात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाचा लेख आहे. शक कुळातील उपासिका विष्णुदत्ता हिने विहारातील आजाऱ्यांच्या औषधासाठी कायमची ठेव ठेवली. त्यातील 1000 कार्षापण कुलरिकांच्या, म्हणजे बहुधा कुंभारांच्या, श्रेणीकडे आणि 2000 ओदयंत्रिकांच्या, म्हणजे पाण्याची यंत्रे करणाऱ्यांच्या, श्रेणीकडे ठेवले. तेली श्रेणीकडेही रक्कम होती. अशा ठेवीत मुद्दल अक्षय राहते आणि व्याजावर खर्च चालतो. लेणे एकदा कोरले की काम संपते, औषध दरवर्षी लागते, हा भेद विष्णुदत्तेने जाणला होता. तरीही ही ठेव भिक्खूंपुरतीच होती.

पाचव्या शतकाच्या आरंभी आलेल्या फाहियानाने पाटलिपुत्रात जे पाहिले त्यात ही मर्यादा ओलांडलेली दिसते. तेथील सधन गृहस्थांनी चालविलेल्या घरांत अनाथ, विधुर, अपंग, निराधार आणि रोगी यांना आश्रय मिळे. वैद्य तपासत, रोगानुसार अन्न व औषध दिले जाई आणि बरे झाल्यावर ते आपणहून निघून जात. निघून गेल्याबद्दल त्यांना कोणी दोष देत नसे. प्रव्रज्येची अटच नव्हती. त्याच नगरात, कुम्रहार येथे 1951 ते 1955 च्या उत्खननात, आरोग्यविहारातील भिक्खुसंघाची मुद्रा सापडली. एकाच शब्दात आरोग्य आणि विहार!

जुन्नरला असा शब्द कोरलेला नाही. परंतु येथील एका दानलेखाकडे या दृष्टीने पाहावयास हवे. गिरिभूती आणि त्याची पत्नी शिवपालनिका यांनी लेणे व पोढी दिली. त्या लेखात नगरातील धम्मुत्तरीयांच्या भिक्खुनी-उपाश्रयाचा उल्लेख आहे. उपाश्रय डोंगरात नसून नगरात, हे महत्त्वाचे. अरण्यात भिक्खुनींवर अत्याचार झाले, म्हणून त्यांनी अरण्यवास करू नये असे चुल्लवग्गात सांगितले आहे. त्याच प्रकरणात गर्भवती असताना प्रव्रजित झालेल्या एका स्त्रीची हकीकत येते. तिला संघाबाहेर काढले नाही. मूल जाणते होईपर्यंत तिने ते वाढवावे अशी अनुज्ञा मिळाली. आणि तिला एकटीने राहावे लागू नये म्हणून सोबतीस दुसरी भिक्खुनी नेमून देण्यात आली.