बाकी काय उरली?

वडील गवंडी. लोह्यात आणि आसपासच्या खेड्यांत त्यांनी बरीच माळवदं उभी केली. निजामाच्या राजवटीत दोन वर्षं शाळेत गेलेले, त्यामुळे सही उर्दूत. हिशेब मात्र बोटांच्या पेरांवर. नवं घर आखताना ते दोरीनं लांबी-रुंदी हातांत मोजत, दोन्हींचा गुणाकार करत आणि आठानं भागत. भागाकार किती आला याच्याशी कुणाला देणंघेणं नसे. ओसरीवर बसलेले जोशीबुवा एवढंच विचारत, "बाकी काय उरली?"

एक उरली तर ध्वज, तीन सिंह, पाच वृषभ, सात गज. या नावांना म्हणायचं आय; त्यांतले हे चार चांगले. दोनला धूम, चारला श्वान, सहाला खर आणि काहीच उरलं नाही तर ध्वांक्ष, म्हणजे कावळा. बारा हात लांब, नऊ हात रुंद घर धरलं की १०८, बाकी ४. श्वानाच्या घरात कोण राहणार? भिंत हातभर आत घ्यायची: अकरा नव्वे ९९, बाकी ३. झाला सिंह.

पुढं मी शाळेत गणित शिकवायला लागलो तेव्हा यातली गंमत ध्यानात आली. आठ सम, तेव्हा दोन्ही बाजू विषम असल्या की बाकी विषमच उरणार. एक जरी सम असली की घर बिघडलंच. मोठ्या हुशारीनं वडिलांना हे सांगितलं. ते थापीवरचा चुना पुसत म्हणाले, "सम हात आम्ही धरतोच कुठं? भागायचं ते जोशीबुवांच्या दक्षिणेसाठी."

पाडव्याला पंचांग वाचतानाही तीच तऱ्हा. शकात १२ मिळवायचे, ६०नं भागायचं, भागाकार सोडून द्यायचा. शके १९४६ घ्या: १९५८ला ६०नं भागलं की बाकी ३८, आणि अडतिसावा संवत्सर क्रोधी. नर्मदेच्या अलीकडं हा हिशेब चुकत नाही. पलीकडं गुरूच्या गतीनं संवत्सर मोजतात, मधूनच एखादा गळतो, आणि मग आपलं नाव त्यांच्या नावाशी जुळत नाही.

हे झालं संख्येवरून बाकी काढणं. खरी कसोटी उलट्या वाटेवर: बाक्या ठाऊक, संख्या शोधा. ज्योतिष्यांपुढं हाच प्रश्न असे. ग्रहाच्या फेऱ्यांचा उरलेला भाग हाती आहे, तर युगारंभापासून दिवस किती गेले? आर्यभटानं ४९९च्या सुमारास आर्यभटीयात त्याची रीत दोन श्लोकांत कोंबली. आर्यभटीयाचा भाष्यकार नीळकंठ सोमयाजी त्याला अश्मक देशात जन्मलेला म्हणतो, आणि अश्मक म्हणजे बौद्ध ग्रंथांतला गोदाकाठचा मुलूख. नांदेडच्या पुलावरून जाताना माझी मान उगाच ताठ होते. पुरावा तेवढ्यावरच थांबतो, हेही मला कळतं.

६२९ साली पहिल्या भास्करानं आर्यभटीयावर भाष्य लिहिलं. त्यातलं एक उदाहरण मी दरवर्षी आठवीला घालायचो: आठानं भागल्यास ५, नवानं ४, सातानं १ उरते, ती संख्या कोणती? पोरं चाचपडत ८५वर पोचायची. रीतीचं नाव कुट्टक, म्हणजे कुटणं. मोठ्या संख्येला लहानीनं भागायचं, बाकीनं त्या लहानीला, आणि असं आकडे बारीक होईतो कुटत राहायचं.

लीलावतीत दुसरा भास्कर विचारतो: २२१ला कशानं गुणून ६५ मिळवले तर १९५नं निःशेष भाग जाईल? तिन्हींना १३नं छाटलं की १७, ५ आणि १५ उरतात, मग पाचानं गुणलं की ९० आणि भाग सहा. त्यापुढं पंधरा-पंधरा वाढवत २०, ३५, हवी तेवढी उत्तरं. या भास्कराचे ग्रंथ शिकवायला त्याचा नातू चांगदेव यानं चाळीसगावजवळ पाटण इथं मठ काढला. तिथला शिलालेखच तसं सांगतो.

आता माळवद पाडून मुलानं स्लॅबचं घर बांधायला काढलंय. नकाशा तीस बाय चाळीस फुटांचा. मी पाठकोऱ्या कागदावर गुणून पाहिलं: १२००. आठानं पूर्ण भाग जातो. कावळा. इंजिनिअरला म्हटलं, दोन्हीकडून फूटभर आत घ्या. २९ गुणिले ३९, ११३१, बाकी ३. तो विचारतो, "सर, पार्किंगचं काय?"