परमुलखातील पत : रोमिंगची कुळकथा

जालन्याहून उत्तरेस भोकरदनच्या रस्त्याने सुमारे पंचवीस किलोमीटर गेले म्हणजे राजूर लागते. गणेशाच्या साडेतीन पीठांत पूर्ण पीठाचा मान असलेले आणि वरेण्य राजाला गजाननाने गणेशगीता सांगितली ती भूमी म्हणून भाविकांनी पूज्य मानलेले हे क्षेत्र निजामाच्या अमदानीत हैदराबाद संस्थानात मोडत असे. त्यामुळे येथल्या रयतेची वरिष्ठ कोर्टकचेरी हैदराबादेस आणि बाजारातले चलन हाली शिक्क्याचे असे. पूर्वेस जवळच असलेले देऊळगाव राजा मात्र वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजी अंमलाखाली, आणि मधल्या सरहद्दीवर माल अडवून जकात घेणारे करोडगिरीचे नाके. १९४८ च्या पोलिस कारवाईने संस्थान विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला आणि ही सरहद्द कायमची पुसली गेली, असे सर्वांनी मानले.

मोबाइलच्या रोमिंगची कुळकथा सांगताना एवढ्या मागे जाण्याचे कारण असे, की १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर खासगी कंपन्यांना परवाने देताना सरकारने देशाचे जे तुकडे पाडले आणि ज्यांना ‘सर्कल’ हे नाव रूढ झाले, त्यांनी या मुलखावर पुन्हा एकदा सरहद्दी आखल्या, आणि त्या जुन्या सरहद्दींच्या अगदी उलट होत्या. पिढ्यानुपिढ्या राजूरकरांची राजधानी असलेले हैदराबाद आंध्र सर्कलमध्ये जाऊन परमुलूख ठरले. नाक्यापलीकडचा बुलढाणा स्वमुलूख झाला. १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेला गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये आला. आणि राज्याची राजधानी मुंबई मात्र स्वतंत्र सर्कल म्हणून बाहेर राहिली. जालन्याच्या गाडीत बसून मुंबईस गेलेल्या माणसाला राज्य न ओलांडताही रोमिंग लागे, ते यामुळे.

या व्यवस्थेचे मूळ अर्थात आपल्याकडचे नव्हे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग आणि रे यंग यांनी प्रदेशाचे लहान लहान घरांत विभाजन करून त्याच त्या लहरी दूरच्या घरांत पुनःपुन्हा वापरण्याची कल्पना मांडली. तिला व्यावसायिक रूप येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला, आणि १९८३ साली शिकागोत सेवा सुरू झाली तेव्हा प्रवासी ग्राहकाचा शोध घेणे हे फोन करणाऱ्याचेच काम होते : ग्राहक कोणत्या शहरी गेला आहे हे आधी माहीत करून घ्यावयाचे, त्या शहराचा एक ठरावीक क्रमांक फिरवावयाचा आणि मग त्याचा स्वतःचा दहा अंकी क्रमांक लावावयाचा. या बाबतीत युरोपच्या उत्तरेकडील राष्ट्रे पुढे होती. १९८१ साली नॉर्वे व स्वीडन आणि पुढल्याच वर्षी डेन्मार्क व फिनलंड यांनी चार देशांची मिळून एकच पद्धत चालू केली, आणि तीत ग्राहक कोणत्या देशात आहे हे एक्सचेंजच परस्पर शोधून काढी. त्याच अनुभवावर पुढे जीएसएम ही डिजिटल मोबाइल पद्धत उभी राहिली. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये त्यावरून पहिला फोन झाला आणि १९९२ साली फिनलंड व ब्रिटन येथील दोन कंपन्यांत आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पहिला करार झाला.

करार झाला म्हणजे नेमके काय झाले, हे आपल्याकडच्या हुंडीवरून चांगले उमगते. जालन्याच्या पेढीने लिहून दिलेली हुंडी हैदराबादचा सावकार वटवीत असे, तो ती आणणाऱ्याचा चेहरा ओळखून नव्हे, तर लिहिणाऱ्या पेढीची पत आणि स्वतंत्रपणे आलेले सूचनापत्र पाहून. दोन पेढ्यांचा हिशेब मागाहून चुकता होई. राजूरचा प्रवासी हैदराबादच्या स्थानकावर उतरून फोन चालू करतो तेव्हा हेच घडते. सभोवतालचा प्रत्येक टॉवर आपल्या देशाचा आणि कंपनीचा क्रमांक अखंड पुकारीत असतो. त्यांपैकी जिच्याशी करार आहे अशा कंपनीपुढे सीमकार्ड आपली ओळख ठेवते. ती कंपनी प्रवाशाच्या मूळ कंपनीकडे विचारणा करते आणि तेथून एक यदृच्छेने काढलेली संख्या व तिचे अपेक्षित उत्तर येते. संख्या फोनकडे धाडली जाते, सीमकार्ड आपल्या पोटातील गुप्त किल्लीने तिचे उत्तर काढते आणि दोन्ही उत्तरे जुळली की पाहुण्याचे नाव तेथील वहीत चढते. गुप्त किल्ली या सर्व देवघेवीत सीमकार्डाबाहेर पडत नाही आणि परक्या कंपनीला ती कधीच कळत नाही. परस्पर अविश्वासाच्या बाजारात विश्वासाची इतकी नितळ योजना मनुष्याने क्वचितच केली असेल.

लोकांना मात्र या योजनेचा परिचय झाला तो बिलातून. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना भारतातील पहिला मोबाइल फोन केला, त्या काळी मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. १ मे २००३ पासून घरच्या सर्कलमध्ये येणारा फोन विनामूल्य झाला. परंतु रोमिंगमध्ये तो भुर्दंड राहिलाच. त्याचे कारण तांत्रिक होते : राजूरहून लावलेला फोन प्रथम मूळ सर्कलच्या एक्सचेंजात जाई, आणि तेथून प्रवाशाच्या मुक्कामापर्यंतचा पुढला पल्ला कोणी भरावयाचा, तर फोन करणाऱ्यास त्या प्रवासाची वार्ताच नसल्यामुळे तो प्रवाशाच्या माथी येई. सुखरूप पोहोचल्याची खूण म्हणून एक मिस कॉल द्यावयाचा, घरून आलेला फोन न उचलता कापावयाचा आणि एसटीडी बूथ गाठून तेथून बोलावयाचे, ही त्या काळची सर्वसामान्य कुटुंबाची रीत होती. परगावी मजुरीस गेलेल्या माणसाने आईशी बोलताना घड्याळाकडे पाहावे, याइतकी दुःखद गोष्ट त्या सबंध व्यवस्थेत दुसरी नव्हती. दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २००७ साली या दरांवर मर्यादा घातल्या, २०१३ आणि २०१५ साली त्या आणखी उतरविल्या, आणि २०१६ साली जिओचे आगमन झाल्यानंतर देशांतर्गत रोमिंगचा आकार व्यवहारातून नाहीसाच झाला.

आकार गेला, रेंजचा प्रश्न उरला. अंगारकी चतुर्थीस आदल्या रात्रीच जालन्याहून पायी निघालेल्या भाविकांची रीघ पहाटे राजुरात पोहोचते. गर्दीत मुलाचा हात सुटलेली माउली फोन काढते, पडद्यावर चारही काड्या उभ्या असतात आणि तरीही फोन लागत नाही. काड्या टॉवरच्या लहरीचे बळ दाखवितात, तेथे रिकामी जागा आहे की नाही हे त्या सांगत नाहीत. दुसऱ्या पिढीच्या पद्धतीत दोनशे किलोहर्ट्झची एक वाहक लहर आठ काळघरांत वाटलेली असते. त्यांतील एक व्यवस्थेसाठी राखले की उरलेल्या सातांवर साधारणपणे सातच संभाषणे एका वेळी चालावयाची. चौथ्या पिढीत गणित निराळे असले तरी मर्यादा ही आहेच, आणि गावाच्या वस्तीच्या मानाने उभारलेला टॉवर यात्रेच्या दिवशी अपुरा पडणारच. अशा वेळी एका कंपनीचे टॉवर तुंबलेले आणि शेजारच्या कंपनीच्या टॉवरवर थोडी जागा शिल्लक, असेही होऊ शकते. फोनला तो टॉवर ऐकू येत असतो, परंतु एकाच सर्कलमधील दोन कंपन्यांत करार नसल्याने त्याला तेथे प्रवेश नसतो.

हा करार अशक्य आहे असे कोणी म्हणू नये. थ्रीजीच्या वेळी कंपन्यांनी आपसांत तो केला होता. २०११ साली सरकारने मना केले आणि २०१४ साली दूरसंचार न्यायाधिकरणाने निकाल कंपन्यांच्या बाजूने दिला. २०१९ च्या फनी चक्रीवादळात ओडिशात एकाच सर्कलमधील हे रोमिंग चालू करण्यात आले. १७ जानेवारी २०२५ पासून तर डिजिटल भारत निधीच्या पैशाने दुर्गम भागात उभारलेल्या २७ हजारांहून अधिक टॉवरांवर एकाहून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा घेण्याची मुभा मिळाली आहे. जे वादळात करता येते आणि सरकारी निधीच्या टॉवरांवर करता येते, ते अंगारकीच्या एका दिवसापुरते राजुरात, आणि आषाढीच्या काळात पंढरपुरात करण्यास कोणते यंत्र आडवे येते? आडवा येतो तो केवळ इच्छेचा अभाव. आणि जिल्हा प्रशासनाने यात्रेच्या नियोजनात पाणी, एसटीच्या जादा गाड्या आणि दवाखाना यांच्या जोडीला ही मागणीही दूरसंचार विभागाकडे लेखी नोंदवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तोपर्यंत यात्रेकरूंनी एवढे अवश्य ध्यानात ठेवावे, की आपल्या कंपनीची रेंज नसली तरी ११२ हा आणीबाणीचा क्रमांक लावल्यास फोन कोणत्याही कंपनीच्या उपलब्ध टॉवरवरून जाऊ शकतो, आणि त्यास रिचार्ज असावा लागत नाही.