बडोद्याचे मनोरुग्णालय आणि मतिमंदांच्या निवासाचा प्रश्न

जन्मतः किंवा बालपणीच बुद्धीची, वाचेची अथवा हालचालींची वाढ मागे राहते आणि ती उणीव आयुष्यभर टिकते, या स्थितीला विकासात्मक अपंगत्व म्हणतात. अशा माणसांसाठी एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत गावापासून दूर, शेकडो खाटांच्या निवासी संस्था उभारल्या गेल्या आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या एकामागून एक बंद करण्यात आल्या. सयाजीराव गायकवाड (तिसरे) बडोद्याच्या गादीवर आले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1876 मध्ये, कॅनडातील ओंटारिओ प्रांतात ओरिलिया येथे सुरू झालेली संस्था 31 मार्च 2009 रोजी बंद झाली. तेथे राहिलेल्यांनी सोसलेल्या छळाबद्दल 2013 मध्ये प्रांताच्या प्रमुखांना विधिमंडळात क्षमा मागावी लागली. बडोद्याचा इतिहास या वळणाने गेला नाही. येथे बंद करण्यासारखी स्वतंत्र संस्था राज्याने उभारलीच नव्हती, आणि आजच्या अडचणीचे मूळ नेमके तेथे आहे.

बडोदे संस्थानाने 1898 मध्ये वेड्यांचे इस्पितळ काढले. कारेलीबाग भागातील आजचे शासकीय मनोरुग्णालय ते हेच. मुंबई इलाख्यात अशी इस्पितळे त्याआधीपासून होती (अहमदाबादचे 1863 मधील), ठाण्याचे मात्र बडोद्यानंतर, 1901 मध्ये निघाले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण 1893 मध्ये अमरेली भागात आणि 1906 मध्ये संस्थानभर लागू करणाऱ्या राजाने मनोरुग्णांच्या निवाऱ्याची जबाबदारी राज्याकडे घेणे त्याच्या राज्यकारभाराच्या रीतीला धरूनच होते, आणि त्याचे श्रेय त्याला निःसंकोच दिले पाहिजे. तथापि, त्या काळच्या अशा इस्पितळांची कल्पनाच मुळात सांभाळण्याची आणि अडवून ठेवण्याची होती. बरा होऊ शकणारा मनोरुग्ण कोण आणि ज्याला औषधाची नव्हे, तर शिकवणुकीची व सोबतीची गरज आहे असा मतिमंद कोण, हा भेद करण्याची साधने डॉक्टरांकडेही फारशी नव्हती.

कायद्याने हा गोंधळ पक्का केला. ब्रिटिश हिंदुस्थानातील 1912 च्या कायद्याने ‘वेडा’ या एकाच व्याख्येत बुद्धीची वाढ खुंटलेली व्यक्ती आणि मन बिघडलेली व्यक्ती अशा दोघांनाही बसवले. इंग्लंडने पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, मतिमंदांसाठी वेगळा कायदा केला; हिंदुस्थानात तसे काही झाले नाही. 1 मे 1949 रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, 1960 मध्ये शहर गुजरातेत गेले, आणि इस्पितळाचा कारभार एका सरकारकडून दुसऱ्याकडे गेला, तरी 1912 चीच व्याख्या देशभरातील मनोरुग्णालयांवर राज्य करीत राहिली. ज्यांना घर सांभाळू शकत नव्हते किंवा सांभाळू इच्छित नव्हते, अशी मतिमंद माणसे त्या व्याख्येच्या आधारे या इस्पितळांत येत आणि बहुधा परत जात नसत.

याच बडोद्यात, विलीनीकरणाच्या वर्षी स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, अगदी वेगळ्या दिशेने काम उभे राहिले. बालविकासाच्या अभ्यासक प्रमिला फाटक यांनी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नॅन्सी बेली यांची बालविकासमापनाची श्रेणी बडोद्याच्या तान्ह्या मुलांवर वापरून तिचे भारतीय निकष ठरवले. मान धरणे, बसणे, वस्तू हेरणे, हाकेला ओ देणे या गोष्टी कोणत्या महिन्यात अपेक्षित आहेत, हे परदेशी मुलांच्या सरासरीऐवजी येथील मुलांवरून सांगता येऊ लागले. 1970 मधील हे ‘बडोदा निकष’ पुढे सुधारले गेले आणि तीस महिन्यांपर्यंतच्या मुलांसाठी हालचालींच्या 67 व बौद्धिक विकासाच्या 163 कसोट्यांची जी श्रेणी त्यांतून सिद्ध झाली, ती आजही देशभरातील बालरोगतज्ज्ञ वापरतात. मूल मागे पडते आहे हे वेळीच कळले, तर त्याला घरात आणि वस्तीत ठेवूनच पुष्कळ शिकवता येते. म्हणून शहराच्या इतिहासात या कामाचे मोल इस्पितळाच्या इमारतीहून कमी मानता येणार नाही, आणि मराठी वाचकाला ते फारसे ठाऊक नसावे ही खेदाची गोष्ट आहे.

1987 च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो 1 एप्रिल 1993 पासून अमलात आला, मतिमंदतेला मानसिक आजाराच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले. भारतातील ‘संस्था बंद होणे’ ते हे: भिंती तशाच राहिल्या, पण मतिमंदांसाठी मनोरुग्णालयाचे दार कायद्याच्या एका वाक्याने बंद झाले. निर्णय शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. परंतु ओंटारिओसारख्या ठिकाणी संस्था बंद करताना तिच्यातील माणसांसाठी वस्तीतील छोटी घरे, सेवक आणि पैसा यांची तरतूद करावी लागली, तशी तरतूद येथे त्या वाक्यासोबत आली नाही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत केली आणि पुढे ‘घरौंदा’ नावाची आजीवन निवासाची योजनाही आणली. मात्र अशी घरे मुख्यतः स्वयंसेवी संस्थांनी चालवायची असल्यामुळे त्यांचा विस्तार त्या संस्थांच्या शक्तीपुरताच राहिला. परिणामी, ‘आमच्या मागे याचे कसे होणार?’ हा म्हाताऱ्या आईबापांचा प्रश्न प्रत्येक कुटुंबाने आपापल्या घरात सोडवायचा, हीच प्रत्यक्षातील व्यवस्था उरली.

मनोरुग्णालयांच्या आतही जुने ओझे शिल्लक आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीत सरकारी मनोरुग्णालयांत राहणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक माणसे वर्षभरापेक्षा जास्त काळ तेथेच असल्याचे आढळले. अशांसाठी अर्ध्या वाटेवरची निवासगृहे, म्हणजे इस्पितळ आणि स्वतंत्र जीवन यांच्यामधला टप्पा, उभारावीत यासाठी सर्वोच्च न्यायालयाला 2017 मध्ये राज्यांना निर्देश द्यावे लागले.

दिव्यांग हक्कांच्या 2016 च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला आहे, आणि कुटुंब स्वीकारत नाही एवढ्याच कारणाने कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असे 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम 19 सांगते. त्याच कलमाने समूहनिवास आणि तत्सम घरांची सोय करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले असून ती ‘वाजवी कालावधीत’ करावी असे म्हटले आहे. तो कालावधी किती वर्षांचा, हे मात्र कायद्यात लिहिलेले नाही.